पुराव्याची पारख : धुळे, जळगाव आणि एक अहवाल

कागद अस्सल की नक्कल, हे ठरवण्याचे शास्त्र खानदेशाला नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेर धुळ्यात केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते तेथेच निवर्तले आणि त्यांनी जमवलेल्या दप्तरांच्या रक्षणासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाच्या पोथ्या गोळा केल्या आणि समर्थ वाग्देवता मंदिरात त्या जपल्या. पोथी कोणाच्या हातची, शाई कोणत्या काळची, लेखक प्रसंगी हजर होता की ऐकीव लिहितो आहे, हे प्रश्न विचारल्यावाचून कोणत्याही अक्षरावर विश्वास टाकायचा नाही, ही शिस्त या गावाने मराठी अभ्यासकांना लावली. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध करताना राजवाड्यांनी बखरींची जी झडती घेतली, ती आजही साहित्याच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. बखर खोटी असते असे त्यांचे म्हणणे नव्हते. ती कशाबद्दल विश्वसनीय आणि कशाबद्दल अविश्वसनीय, हे वेगवेगळे मोजले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

हे सारे आम्हांला आठवले ते एका वैद्यकीय अहवालामुळे. आमच्या एका सहकाऱ्यांचे वडील मे २०२० मध्ये गेले. ताप येऊन नऊ दिवस झाले होते, धाप लागली तेव्हा पारोळ्याकडच्या गावातून त्यांना एका रुग्णालयात नेले, तेथे घशातील द्रावाचा नमुना घेतला गेला आणि तो धुळ्याकडे रवाना झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे ते वारले. अहवाल आलेला नसल्याने ते ‘संशयित’ होते. संशयिताचा देह ज्या रीतीने हाताळला जात असे त्याच रीतीने, प्लास्टिकच्या आवरणात, दोन नातेवाइकांना वीस पावलांवर उभे करून, अंत्यसंस्कार झाले. मुलाला पाणी पाजता आले नाही की मडके फोडता आले नाही. चौथ्या दिवशी अहवाल आला : निगेटिव्ह. त्या माउलीने तेव्हा मुलाला अहिराणीत एकच प्रश्न विचारला, की मग ते गेले कशाने? आमचे सहकारी मराठीचे प्राध्यापक. त्यांनी तो प्रश्न आमच्यापुढे ठेवला. आम्हीही भाषेचेच अध्यापक, वैद्यक आमचा विषय नव्हे. तथापि कागदाची पारख हा आमचा विषय आहे, आणि तो अहवाल शेवटी एक कागदच होता. त्या निमित्ताने आम्ही जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते येथे मांडतो.

प्रथम, त्या कागदामागची क्रिया काय असते ते पाहू. करोनाचा विषाणू आपली सारी माहिती आरएनए नावाच्या एका लांब रेणूत बाळगतो. हा रेणू फार नाजूक. आपल्या त्वचेवर, धुळीत, सर्वत्र त्याला तोडणारी विकरे असतात. म्हणून प्रयोगशाळेत आधी त्याची डीएनएच्या रूपात उलट नक्कल करतात आणि मग त्या नकलेच्या नकला काढत जातात. एका आवर्तनात एकाच्या दोन, दुसऱ्यात चार, दहाव्यात एक हजार चोवीस. चाळिसाव्यापर्यंत हिशेब अब्जांच्याही पुढे जातो. प्रत्येक नकलेबरोबर प्रकाशाचा एक कण मोकळा होईल अशी योजना असते, आणि तो प्रकाश यंत्राला दिसेल इतका साचला की नमुना पॉझिटिव्ह. नकला काढण्याची ही युक्ती कॅरी मुलिस या अमेरिकन रसायनज्ञाला १९८३ साली सुचली व तीबद्दल त्याला १९९३चे नोबेल मिळाले. हाच मुलिस पुढे एचआयव्हीमुळे एड्स होतो हे मानायला तयार नव्हता. शोध लावणाऱ्याची पारखही प्रत्येक विधानापुरती वेगळी करावी लागते, ती अशी. नकला काढणारे विकर टिकाऊ लागते, कारण प्रत्येक आवर्तनात मिश्रण उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवावे लागते. ते विकर अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूपासून मिळाले. मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढणाऱ्या जळगाव-भुसावळच्या माणसाला त्या जिवाणूबद्दल काही आपुलकी वाटल्यास नवल नाही.

नक्कल कशाची काढायची, हा पुढचा प्रश्न. तीस हजारांच्या आसपास अक्षरे असलेल्या त्या संहितेतून एखादी अशी ओळ निवडावी लागते, जी याच विषाणूत आहे आणि त्याच्या कोणत्याही भावकीत नाही. शिवाय ती अशी हवी की लेखनिकाच्या हातून सहसा बदलत नाही. चीनमधून विषाणूची संहिता १० आणि ११ जानेवारी २०२०च्या सुमारास जगाला मिळाली आणि बर्लिनच्या क्रिस्टियान ड्रोस्टेन यांच्या गटाने अवघ्या काही दिवसांत, प्रत्यक्ष विषाणूचा नमुना हाती नसताना, चाचणीची कृती जाहीर केली. पोथी न पाहता केवळ तिच्या नकलेवरून पाठनिश्चिती करण्यासारखे हे धाडस होते आणि ते टिकले.

या चाचणीत एक गोष्ट आम्हांला विशेष भावली. विषाणूच्या ओळीबरोबरच माणसाच्या एका जनुकाचीही नक्कल त्याच नळीत काढतात. ते जनुक सापडले नाही, तर नमुन्यात माणसाची पेशीच आली नाही, म्हणजे काडी नाकात नीट गेलीच नाही किंवा वाटेत नमुना बिघडला, असे मानून निकाल रद्द करतात. ‘विषाणू नाही’ आणि ‘काहीच नाही’ या दोन निगेटिव्हांत फरक करणारी ही साक्ष. ऐतिहासिक कागदांत अशी साक्ष क्वचित मिळते. एखाद्या घटनेचा उल्लेख दप्तरात नाही याचा अर्थ ती घडली नाही, की त्या महिन्याची पानेच वाळवीने खाल्ली आहेत, हे कळायला मार्ग नसतो. मात्र या साक्षीलाही मर्यादा आहे. पेशी आली एवढेच ती सांगते. विषाणू जिथे होता तिथलीच पेशी आली की नाही, हे ती सांगू शकत नाही.

आता परीक्षेची परीक्षा. चाचणी ‘चांगली’ आहे म्हणजे काय? वैद्यक येथे दोन मापे वापरते. रोग असलेल्या शंभरांपैकी किती जणांना चाचणी ओळखते, ही तिची संवेदनशीलता. रोग नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती सोडून देते, ही तिची विशिष्टता. राजवाड्यांच्या भाषेत बोलायचे तर, अस्सल कागद ओळखण्याची ताकद निराळी आणि नक्कल फेटाळण्याची ताकद निराळी. एकाच संशोधकात दोन्ही असतीलच असे नाही.

भारतात ही मापे घेण्याचे काम प्रथम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे, म्हणजे एनआयव्हीकडे, आले. १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने सुरू झालेली ही संस्था. ३० जानेवारी २०२० रोजी केरळातील देशातल्या पहिल्या रुग्णाचे निदान हिच्याच प्रयोगशाळेत पक्के झाले होते. बाजारात येऊ पाहणाऱ्या किटला एनआयव्हीतील ठरावीक नमुन्यांवर, ज्यांचे उत्तर संस्थेला आधीच ठाऊक होते, आपली कसोटी द्यावी लागे. पहिल्या फेरीत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची, आयसीएमआरची, अट कडक होती : पॉझिटिव्ह व निगेटिव्ह दोन्हींत शंभर टक्के जुळणी. त्या अटीत उतरलेले पहिले भारतीय किट पुण्याच्याच मायलॅब कंपनीचे. २३ मार्च २०२० रोजी त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली. ते सिद्ध करणाऱ्या गटाच्या प्रमुख, विषाणुतज्ज्ञ मिनल दाखवे भोसले यांनी बाळंतपणाच्या आदल्या दिवशी किट तपासणीस धाडले, ही वार्ता तेव्हा सर्वत्र गाजली. त्याच काळात खासगी चाचणीला ४५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. मायलॅबने आपल्या किटची किंमत प्रतिचाचणी बाराशे सांगितली. वर्षभराने, मार्च २०२१ अखेर, महाराष्ट्रात केंद्रावर जाऊन दिलेल्या चाचणीचा कमाल दर ५०० रुपयांवर आला होता.

पण शंभर टक्के जुळणी, हे शब्द सामान्य वाचकाची दिशाभूल करतात. जुळणी कशाशी? तर दुसऱ्या एका आरटी-पीसीआर चाचणीशी. म्हणजे ज्या मापाने मोजायचे तेही त्याच जातीचे. येथे आम्हांला राजवाड्यांच्याच ज्ञानेश्वरीची आठवण होते. १९०९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली प्रत ही अतिप्राचीन, म्हणून तिच्या तोडीने इतर पाठ तपासावेत, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या अभ्यासकांनी तिच्या प्राचीनतेवर शंका घेतल्या आणि ती पोथी पडताळ्यासाठी हाती राहिली नाही. प्रमाण प्रतच वादात सापडली की तिच्याशी जुळणारे सगळे पाठही लटकतात. आरटी-पीसीआरच्या बाबतीत गोष्ट इतकी वाईट नव्हती, कारण ही चाचणी नळीतला विषाणू विलक्षण काटेकोरपणे शोधते. दोष नळीच्या अलीकडे होता.

मार्च २०२० मध्ये चिनी वैद्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग असल्याचे ठरलेल्या माणसांचेच नमुने शरीराच्या वेगवेगळ्या जागांहून घेतले, तेव्हा फुप्फुसातील धुवणात ९३ टक्के, थुंकीत ७२ टक्के, नाकातील काडीत ६३ टक्के आणि घशातील काडीत अवघे ३२ टक्के पॉझिटिव्ह आले. चाचणी तीच, विषाणू तोच. फक्त काडी कोठे फिरवली एवढाच फरक. त्याच वर्षी अमेरिकन संशोधकांनी निरनिराळे अभ्यास एकत्र करून दिवसांचा हिशेब मांडला. लागण झाल्याच्या पहिल्या दिवशी चाचणी कोणालाच ओळखत नाही. चौथ्या दिवशी शंभरातले ६७ निसटतात. लक्षणे दिसू लागतात त्या, सुमारे पाचव्या, दिवशी ३८. आठव्या दिवशी सर्वांत कमी, म्हणजे २०. आणि तेथून पुन्हा चढण सुरू होऊन एकविसाव्या दिवशी ६६. विषाणू तोवर घशातून खाली फुप्फुसात उतरलेला असतो आणि आजार पुष्कळदा त्याच सुमारास गंभीर होतो.

सहकाऱ्यांच्या वडिलांचा नमुना तापाच्या नवव्या दिवशी घेतलेला होता आणि तो घशातून घेतला होता. एवढे कळल्यावर त्या निगेटिव्ह शब्दाचे वजन किती उतरते, हे वाचकांच्या लक्षात येईल.

त्यात वाटेची भर. २८ मार्च २०२० रोजी जळगाव शहरात मेहरूण भागात जिल्ह्यातील पहिला रुग्ण आढळला, तेव्हा खानदेशात ही चाचणी करणारी एकही जागा नव्हती. नमुने चारशेच्या आसपास किलोमीटर दूर पुण्याला जात. एप्रिलमध्ये धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रयोगशाळा सुरू झाली आणि जळगावचे नमुने एरंडोल, पारोळा असे महामार्गाने धुळ्याला जाऊ लागले. धुळ्याचे महाविद्यालय ऐंशीच्या दशकाच्या अखेरचे. जळगावचे तर २०१८ साली सुरू झालेले, तेव्हा आपली पहिली तुकडीही बाहेर न पडलेले. त्या एप्रिलमध्ये मालेगावात साथ भडकली, अमळनेरमध्ये रुग्णांची रांग लागली आणि एकट्या धुळ्यावर भार वाढत गेला. पुढे जळगावलाही प्रयोगशाळा झाली. देशभर हेच चित्र होते : जानेवारीत एक प्रयोगशाळा, आणि जूनच्या चौथ्या आठवड्यात एक हजारावी.

नमुना दोन ते आठ अंशांत ठेवायचा, तीन वेष्टनांत बांधायचा, बर्फ वितळू द्यायचा नाही, असा नियम. खानदेशातील मे महिना ज्यांनी अनुभवला आहे त्यांना या नियमाचा अर्थ समजावून सांगायला नको. काडी फिरवणारे तरुण डॉक्टर आणि तंत्रज्ञ नखशिखान्त प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले. समोरचा माणूस घाबरलेला. काडी खोलवर गेली की तो मान मागे घेणार. किटच्या मूल्यमापनात या उन्हाचे आणि या मागे घेतलेल्या मानेचे माप नव्हते, आणि नसतेच. प्रयोगशाळेतील संवेदनशीलता ही मुद्रितशोधकाच्या टेबलावरची शुद्ध प्रत. गावात पोहोचेपर्यंत तिच्यावर काय काय सांडलेले असते ते वेगळे. नागपूरच्या नीरी संस्थेत कृष्णा खैरनार यांच्या गटाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर चाचणी बसवली, तिला मे २०२१ मध्ये आयसीएमआरची मान्यता मिळाली. काडी नको, खास द्रव नको, माणसाने स्वतः गुळणी करून नळीत टाकायची. किंचित आधी मिळती, तर ती आमच्या भागात पुष्कळ उपयोगी पडती असे आम्हांला वाटते.

विशिष्टतेचा हिशेब याहून फसवा. समजा, एका चाचणीची संवेदनशीलता सत्तर आणि विशिष्टता नव्याण्णव टक्के आहे. हजार वस्तीच्या गावात शंभर जण खरोखर बाधित असतील, तर चाचणी त्यांतल्या सत्तरांना ओळखेल, तीस सुटतील, आणि उरलेल्या नऊशेंतून नऊ जणांवर खोटा आळ येईल. म्हणजे पॉझिटिव्ह कागद बहुधा खरा. तेच त्या गावात दहाच बाधित असतील, तर सात सापडतील, आणि निरोगी नऊशे नव्वदांतून दहा जण निष्कारण पॉझिटिव्ह ठरतील. सतरा कागदांतले दहा खोटे. चाचणी तीच, कागद तोच, त्यावरचा शिक्काही तोच. बदलले आहे ते फक्त गाव. कागदाची विश्वसनीयता कागदात नसून तो जिथून आला त्या परिस्थितीतही असते, हे दप्तरे चाळणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते. येथे ते अंकगणिताने सिद्ध होते. साथ विरळ असताना पाच जणांचे नमुने एकत्र करून तपासावेत, ही आयसीएमआरची १३ एप्रिल २०२०ची सूचनाही याच गणितावर उभी होती. बाधितांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असेल तेथेच ती फायद्याची.

झटपट किटांचा अध्याय आम्ही थोडक्यात आटोपतो. एप्रिलमध्ये चीनहून आलेली प्रतिपिंडांची किटे राज्यांनी वापरायला घेतली, तक्रारी आल्या, २१ एप्रिलला वापर थांबवला गेला आणि २७ एप्रिलला ती परत करण्याचे आदेश निघाले. जूनमध्ये अँटिजेनची किटे आली. यांच्याबाबत आयसीएमआरने आकडे स्वच्छ छापले : संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के, विशिष्टता ९९.३ ते १००. म्हणजे पॉझिटिव्ह आला तर मान्य. निगेटिव्ह आला आणि लक्षणे असली, तर पुन्हा आरटी-पीसीआर करावी. सूचना निःसंदिग्ध होती. परंतु अर्ध्या तासात हातात पडणाऱ्या कागदावर ‘निगेटिव्ह’ छापलेले असताना पुढचे वाक्य कितीजण वाचतात? गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट यंत्राचे उदाहरण मात्र वेगळे. क्षयरोगासाठी बनलेले, बॅटरीवर चालणारे हे लहानसे यंत्र आधी केवळ चाळणीसाठी मान्य झाले आणि दुसऱ्या जनुकाची चाचणी जोडल्यावर मग निश्चितीसाठी. एका साक्षीदारावर खटला चालवू नये, दुसरा मिळेपर्यंत थांबावे, हे धोरण आम्हांला योग्य वाटते.

आता जळगावच्या आकड्याकडे वळू, कारण त्या उन्हाळ्यात या जिल्ह्याचे नाव देशभर झाले ते एका आकड्यामुळे. जून २०२०च्या पूर्वार्धात जळगावात नोंदलेल्या रुग्णांपैकी मरणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास वा वर होते. देशाची सरासरी तेव्हा तीनच्या आत होती. मृत्युदर हा भागाकार आहे. अंशात मृत्यू, छेदात रुग्ण, आणि दोन्ही ठिकाणी प्रवेश देणारा द्वारपाल एकच, तो म्हणजे चाचणीचा अहवाल. सौम्य आजाराची माणसे तपासलीच गेली नाहीत तर छेद लहान राहतो आणि दर फुगतो. उलट, आमच्या सहकाऱ्यांच्या वडिलांसारखे जे निगेटिव्ह ठरून गेले, ते अंशातून गळतात आणि दर उतरतो. हे दोन दोष परस्परांना किती कापतात, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. तरी तेवढ्यावर जळगावच्या आकड्याला केवळ गणिती भास ठरवणे हा अप्रामाणिकपणा होईल. माणसे उशिरा येत होती, खाटा व डॉक्टर अपुरे होते, आणि ढिलाई होती.

ती ढिलाई किती, हे १० जून २०२० रोजी सर्वांना कळले. भुसावळकडील ८२ वर्षांची एक वृद्धा, करोनाचा अहवाल पॉझिटिव्ह आल्याने जळगावच्या शासकीय रुग्णालयात आणलेली, २ जूनपासून बेपत्ता होती. आठ दिवसांनी तिचा देह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. येथे चाचणीचा काहीही दोष नव्हता. नमुना नीट घेतला गेला, अहवाल वेळेत आला, तो बरोबरही होता. संवेदनशीलता आणि विशिष्टता यांच्या पलीकडे एक तिसरे माप असते, अहवालानंतर काय झाले याचे. ते एनआयव्हीच्या कसोटीत बसत नाही. या लेखासाठी वाचन करताना आम्हांला सर्वाधिक वेळ थांबवले ते या घटनेने, आणि तिच्याबद्दल याहून अधिक लिहिणे आम्हांला जमत नाही.

दुसऱ्या लाटेत वाद निघाला तो ‘सीटी’चा. कितव्या आवर्तनाला प्रकाश दिसला तो आकडा म्हणजे सीटी मूल्य. विषाणू जितका अधिक तितका आकडा लहान. महाराष्ट्र शासनाने आयसीएमआरला विचारले की पस्तीसऐवजी चोवीस ही मर्यादा धरावी काय. एप्रिल २०२१ मध्ये उत्तर आले : नको, तसे केल्यास संसर्ग पसरवू शकणारी पुष्कळ माणसे निसटतील, शिवाय हा आकडा नमुना कसा घेतला आणि किट कोणते यांवरही बदलतो. चोवीस आणि पस्तीस यांतले अंतर अकरा आवर्तनांचे, म्हणजे हिशेबाने दोन हजार अठ्ठेचाळीस पटींचे. एका रेघेच्या जागेवर हजारो माणसे रुग्ण किंवा निरोगी ठरणार होती. गावोगाव मात्र या सीटीची गल्लत छातीच्या सीटी स्कॅनशी झाली. ‘सीटी किती?’ या प्रश्नाला कोणी बावीस म्हणे, कोणी पंचवीसपैकी बारा, आणि दोघे आपापल्या जागी बरोबर असत. भाषेच्या अध्यापकांनी तेव्हा एखादी टीप लिहायला हरकत नव्हती. आम्हीही ती लिहिली नाही.

आणखी मागे गेले, की हाच प्रश्न निराळ्या वेषात भेटतो. १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ मराठी मुलखात ‘मानमोडी’ या नावाने ओळखली गेली. जळगाव तेव्हा पूर्व खानदेशाचे आणि धुळे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे होते. त्या वेळचे विज्ञान फायफरच्या जिवाणूला या रोगाचे कारण मानत होते. १८९२ साली सापडलेला तो जिवाणू काही रोग्यांत मिळे, काहींत मिळत नसे. न मिळाल्यास प्रयोगशाळेची पद्धत चुकली असे समजले जाई. प्रमाण प्रतच चुकीची होती आणि पडताळे तिच्याशी चालले होते. खरा विषाणू माणसांतून वेगळा काढला गेला १९३३ साली, लंडनमध्ये, नेवल्यासारख्या फेरेट या प्राण्यांवरील प्रयोगांमुळे. तोवर कोट्यवधी माणसे जाऊन पंधरा वर्षे लोटली होती. एकट्या हिंदुस्थानात मेलेल्यांचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपासपासून पुढे जातात, आणि ते अंदाजच आहेत. कारण गावातील मृत्यूची नोंद करायची ती पोलीस पाटलाने, आणि त्याच्या तक्त्यात रकाने ठरलेले : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, अपघात. मानमोडीला रकाना नव्हता. ती बहुतेक ‘तापा’त गेली. पुढे इतिहासकारांनी आकडे काढले ते रोगाच्या नोंदीवरून नव्हे, तर नेहमीच्या वर्षापेक्षा त्या वर्षी किती अधिक माणसे मेली, या वजाबाकीवरून.

२०२०च्या साथीचे हिशेबही अखेर जगभर त्याच वजाबाकीने मांडावे लागले. नळीतल्या नकलांचा प्रकाश मोजणारे यंत्र हाताशी असूनही पाटलाच्या ‘ताप’ रकान्यापाशी परत यावे लागले, ही गोष्ट आम्ही विज्ञानाचे न्यून म्हणून नोंदवत नाही. यंत्राने विचारल्या प्रश्नाचे उत्तर दिले. या नळीत या क्षणी ही ओळ आहे काय, एवढाच तो प्रश्न होता. हा माणूस कशाने मेला, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नव्हता. तो आपण नंतर त्या कागदावर लादला.

गेल्या वर्षी आम्ही त्या सहकाऱ्यांच्या घरी गेलो असता हे सारे त्यांच्या आईंना सांगण्याचा प्रयत्न केला. नववा दिवस, घशातली काडी, शंभरातले बत्तीस, वाटेतले ऊन. त्यांनी ऐकून घेतले. मग आत जाऊन शिधापत्रिका, सातबारा आणि बँकेची पुस्तके ज्या पिशवीत असतात तीतून तो अहवाल काढून आणला. घडीवर फाटत आलेला, खाली शिक्का, वर नमुन्याचा क्रमांक, आणि नावात एक वेलांटी चुकलेली. ती वेलांटी आता सुधारून मिळेल का, असे त्यांनी विचारले, कारण वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याने तेवढीच हरकत घेतली होती.